तीन विसा आन् चार

साडेसहाची पेठ गाडी जुन्या सीबीएसवरून सुटते,
करंजाळीला मला उतरवून
आपल्याच धुरळ्यात पुढे निघून जाते.
तिथून पाड्यापर्यंत पाऊण तास पायी,
नाहीतर सोमनाथ खुरकुटेची जीप, भरली की सुटणारी.
भरली म्हणजे किती, ते त्याचं त्याला ठाऊक.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
शंभरच्या गड्डीत एक कमी असली
तर डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं.
निवृत्त झाले आणि अंगठा रिकामा राहिला.
म्हणून इथे येते, असं मी कुणाला सांगत नाही.
जेल रोडच्या आमच्या सोसायटीतल्या बायका समाजसेवा म्हणतात,
मी मान हलवते
आणि डब्यात दोन पोळ्या जास्त टाकते.

शाळा म्हणजे भोयांची पडवी.
कुडाला टेकवलेला फळा, त्यामागे कोंबडीची जागा.
ती अंड्यावर बसली की फळा हलवायचा नाही,
हा पहिला नियम मला मुलांनी शिकवला.

दुसरा तक्त्यावरून.
ख खारीचा, म्हटलं मी.
सगळे चित्राकडे बघत राहिले,
मग हिरामण हळूच म्हणाला, जणू मला वाईट वाटेल,
"बाई, ही तं चानी."
त्या दिवशी खारीचं चित्र दोनदा काढलं,
एक ख च्या घरात, एक च च्या.
चमच्याला बाहेर बसावं लागलं.

लहानूबाबा उंबऱ्यावर तंबाखू मळत ऐकतो.
एकदा बांबूच्या काठ्या मोजत होता,
वीस झाल्या की एक खडा बाजूला.
"तीन विसा आन् चार."
मी म्हटलं, चौसष्ट.
तो हसला. "येवढ्याश्या शब्दात मावल्या का सगळ्या?"
परतीच्या गाडीत अर्ध्या तिकिटाचे सुटे काढताना
मी ओठांतल्या ओठांत म्हटलं, दोन विसा आन् पाच.
कंडक्टर म्हणाला, काय?
काही नाही म्हटलं.

दिवाळी झाली की टेम्पो येतो.
हंडे, गोधड्या, कुत्र्याचं एक पिल्लू,
आणि मधे कुठेतरी माझा अख्खा दुसरीचा वर्ग,
दिंडोरीकडच्या द्राक्षबागांना.
पोरं टाटा करतात, सहलीला निघाल्यासारखी.
दुसऱ्या दिवशी पडवीत पाच जण.
हजेरीवर बोट फिरवत गेले
आणि अंगठ्याला कळत राहिलं, कळत राहिलं.
पाच जणांना शिकवणं सोपं असतं खरं म्हणजे.
मला त्याची लाज वाटायची.

शिमग्याला परतले सगळे.
पायल उंच झालेली, नखांत औषधाची निळी कड.
तिने पाटी मागितली नाही, सरळ फळ्याशी गेली.
मुकादमाने एकोणीस दिवस मांडले, म्हणाली,
मी शेडच्या पत्र्यावर रोज एक रेघ मारायची,
एक वीस आन् एक झाल्या.
"मग?"
"मग काय. पैसे एकोणीसचेच दिले.
आई म्हणली, गप ऱ्हा, पुढच्या साली नेणार नाही तो."

मला काहीतरी बोलायला हवं होतं.
एकतीस वर्षांत एक नोट कमी आली
तर सगळा हॉल थांबायचा,
दारं लागायची, सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे.
हे तिला सांगून काय करू?
मी म्हटलं, तुझी बेरीज बरोबर आहे.
ती म्हणाली, माहितीय.

पाच वाजता गाडी असते.
निघताना पाहिलं,
तारखेखाली तिने खडूने दोन उभ्या रेघा मारल्या होत्या.
"ह्या पुसू नका, बाई."
कोंबडी मागे बसलेलीच होती.
एका हाताने फळा धरून, हलू न देता,
रेघा सोडून बाकीचं सगळं मी पुसलं.